तुमच्या पद्मपुराणात ती रामकथा सापडली नाही, कारण पद्मपुराणं दोन आहेत

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी मला तो जसा समजला तसा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पारोळ्याकडचे, शेजारच्या जैन काकांसोबत मांगीतुंगीच्या जैन तीर्थाला जाऊन आलात, तिथं ऐकलं की प्रभू राम याच डोंगरावरून मोक्षाला गेले आणि रावणाला रामानं नाही, लक्ष्मणानं मारलं. काका म्हणाले हे पद्मपुराणात आहे, म्हणून तुम्ही हिंदी पद्मपुराण मागवलं, सगळं चाळलं, आणि त्यात असं काहीच निघालं नाही. त्यात परत ऋषभदेव तुमच्या भागवतातही आहेत आणि काकांचे पहिले तीर्थंकरही तेच, म्हणून घरात वाद सुरू झाला की मूळ कुणाचं आणि उचललं कुणी. आणि शेवटी विचारलंय की संस्कृत येत नाही तर खरं पुराण कोणतं आणि वाचायला सुरुवात कुठून करू.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी शाळेत संस्कृत शिकवलं आणि निवृत्तीनंतर जळगावात एक वाचनवर्ग चालवते, त्यात लेवा, गुजर, वाणी, ओसवाल अशा सगळ्या घरांतले लोक येतात आणि आम्ही दोन्हीकडची पुराणं समोर ठेवून वाचतो. तुमचा प्रश्न तिथं वेगवेगळ्या शब्दांत कायम येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकाचा घोळ आधी सोडवू. पद्मपुराण नावाचे दोन पूर्ण वेगळे ग्रंथ आहेत. तुम्ही मागवलंत ते अठरा महापुराणांतलं, परंपरेनं ५५,००० श्लोकांचं सांगितलेलं, सृष्टिखंड, भूमिखंड, पाताळखंड, उत्तरखंड असे भाग असलेलं. काका म्हणतात ते रविषेणाचार्यांचं, ७व्या शतकातलं, १२३ पर्वांचं संस्कृत काव्य, त्याला पद्मचरित पण म्हणतात, कारण जैन परंपरेत रामाचं नाव पद्म. हरिवंशाचंही असंच आहे, एक महाभारताला जोडलेला हरिवंश आणि दुसरं जिनसेनांचं जैन हरिवंशपुराण, शके ७०५ म्हणजे इ.स. ७८३ मधलं, ६६ सर्गांचं. आणि जिनसेनही दोन! हरिवंशवाले पुन्नाट नावाच्या मुनिसंघाचे, आणि आदिपुराण लिहिणारे जिनसेन वेगळे, ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. त्यामुळे नुसतं नाव सांगून पुस्तक मागवलं की हमखास चुकीचं हातात पडतं. मात्र तुमचे पैसे वाया गेले असं समजू नका, तुमच्या पद्मपुराणाकडे मी शेवटी परत येते.

आता खरी अडचण. तुम्ही विचारताय खरं पुराण कोणतं, पण मला वाटतं तुम्हाला अडलंय ते हे की एकाच रामाच्या दोन कथा आहेत आणि दोन्ही सांगणारे तितक्याच श्रद्धेनं सांगतात, मग आपण कुठं उभं राहायचं. पुराण म्हणजे सातबारा उतारा नाही की एका गटावर एकाचंच नाव लागलं पाहिजे आणि दुसऱ्याचं असेल तर ते खोटं. पुराण हे कुणीतरी कुणालातरी, त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलेलं असतं. मी वर्गात सगळ्यात आधी हेच बघायला लावते की विचारतोय कोण, तो कोणत्या अवस्थेत आहे, आणि सांगतोय कोण. कथा त्यानंतर.

भागवत घ्या. परीक्षिताला सात दिवसांत तक्षक चावून मरण येणार आहे, तो गंगेकाठी बसलाय आणि शुकदेवांना विचारतोय की मरायला टेकलेल्या माणसानं काय करावं. सगळं भागवत त्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून त्यात कुठलीही कथा शेवटी सोडून देण्याकडे आणि हरीकडे वळते. मार्कंडेय पुराणातलं देवीमाहात्म्य, म्हणजे आपली सप्तशती, तिथं विचारणारे दोघं आहेत, राज्य गेलेला सुरथ राजा आणि बायकापोरांनी घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य. दोघंही मेधा ऋषींना म्हणतात की ज्यांनी आम्हाला लुबाडलं त्यांच्याबद्दलच अजून जीव का तुटतो आमचा. १३ अध्यायांत महिषासुर, शुंभनिशुंभ सगळे येऊन जातात पण प्रश्न तो आहे. चैत्रात खान्देशातून पायी गडावर जाणारे हजारो लोक सप्तशृंगीला जातात, समोर मार्कंडेयाचा डोंगर दिसतो, आपल्याकडे सांगतात की ऋषी तिथून सप्तशती म्हणत होते आणि देवी मान कलती करून ऐकतेय. ती कलती मान बघताना ही दोन दुखावलेली माणसं आठवून बघा, सप्तशती वेगळी वाचली जाते.

आता काकांचं पद्मपुराण. तिथं विचारणारा आहे मगधाचा राजा श्रेणिक, आणि सांगणारे गौतम गणधर, महावीरांचे पट्टशिष्य. श्रेणिकाचा प्रश्न हीच एक शंका आहे. तो म्हणतो, लोकांत जी रामकथा चालते ती मला पटत नाही, राक्षस म्हणे मांस खाणारे, कुंभकर्ण म्हणे सहा महिने झोपणारा, आणि एवढ्या बलाढ्य रावणाला म्हणे माकडांनी हरवलं, हे कसं शक्य आहे. म्हणजे जैन रामकथा सुरूच होते ती ‘मला ऐकलेली कथा पटत नाही’ इथून. रविषेणांच्या आधी विमलसूरींनी प्राकृतात पउमचरिय लिहिलं, तिथंही हीच सुरुवात. त्यांना वाल्मीकींची कथा माहीत होती, श्रोत्यांनाही माहीत होती, आणि ती समोर ठेवूनच ते दुसरी सांगत होते. यात चोरी नाही की लपवाछपवी नाही, उघड मांडणी आहे.

मग काय बदलतं ते बघा, इथं जरा थांबते कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथं आहे. वानर हे माकडं नाहीत, ते विद्याधर, म्हणजे विद्या साधलेल्या वंशातली माणसं, ध्वजावर वानराचं चिन्ह असलेली. राक्षस हे पण एका वंशाचं नाव. रावणाला दहा तोंडं नाहीत, लहानपणी त्यानं एक रत्नहार गळ्यात घातला, त्यातल्या नऊ रत्नांत त्याचा चेहरा दिसला, एक मूळचा आणि नऊ प्रतिबिंबं, म्हणून दशमुख. कैकेयी दुष्ट नाही, दशरथ दीक्षा घ्यायला निघालाय आणि मुलगा भरतही त्याच्या मागं निघालाय, नवरा आणि मुलगा दोघंही एकदम जाणार या भीतीनं ती भरतासाठी राज्य मागते, म्हणजे निदान तो तरी घरात राहील. आमच्या वर्गात हा भाग वाचला की बायका गप्प होतात. राम वालीला झाडाआडून मारत नाही, कारण इथं वाली आधीच मुनी झालेला आहे आणि सुग्रीवाला छळणारा दुसराच एक विद्याधर आहे. आणि सीता अग्निपरीक्षेनंतर घरी परत येत नाही, आर्यिका म्हणजे जैन साध्वी होते, दीक्षा घेते.

हे सगळे बदल कुठून आले हे समजून घ्यायचं असेल तर जैनांचा त्रेसष्ट शलाकापुरुषांचा, म्हणजे थोर पुरुषांचा हिशोब कळला पाहिजे. प्रत्येक कालचक्राच्या अर्ध्या भागात २४ तीर्थंकर, १२ चक्रवर्ती, ९ बलदेव, ९ वासुदेव आणि ९ प्रतिवासुदेव होतात, एकूण ६३. बलदेव आणि वासुदेव हे भाऊ, प्रतिवासुदेव त्यांचा शत्रू, आणि नियम असा की प्रतिवासुदेवाला मारणारा वासुदेवच असतो. राम आठवा बलदेव, लक्ष्मण आठवा वासुदेव, रावण आठवा प्रतिवासुदेव. म्हणून रावणवध लक्ष्मणाच्या हातून. आता त्याची किंमत बघा, हिंसा केली म्हणून लक्ष्मण नरकात जातो, आणि ज्याच्या हातून तो वध झाला नाही तो राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. म्हणजे काकांच्या कथेत रामाचा पराक्रम कमी केलेला नाही, त्याला त्या धर्मातल्या सगळ्यात मोठ्या जागी नेऊन बसवलंय आणि त्यासाठी त्याचे हात स्वच्छ ठेवलेत. आणि रावणही कायमचा वाईट नाही, तोही पुढं कधीतरी तीर्थंकर होणार असं ही परंपरा मानते. कृष्णकथेतही हाच नियम लागतो. आपल्याकडे जरासंधाला भीम चिरतो, जैन हरिवंशपुराणात तो कृष्णाच्या हातून मरतो, कारण कृष्ण नववा वासुदेव आणि जरासंध नववा प्रतिवासुदेव. तिथं कृष्णाचे चुलतभाऊ नेमिनाथ हे बाविसावे तीर्थंकर, त्यामुळे कथेचं वजन तिकडे सरकतं.

मांगीतुंगीचं उत्तर पण यातच आलं. दिगंबर परंपरेतल्या निर्वाणकांड या प्राकृत स्तोत्रात राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील आणि ९९ कोटी मुनी तुंगीगिरीवरून निर्वाणाला गेले अशी गाथा आहे. त्याच निर्वाणकांडात बडवाणीजवळच्या चूलगिरीवरून इंद्रजित आणि कुंभकर्ण मोक्षाला गेले असंही आहे, तेच आताचं बावनगजा, सातपुडा ओलांडला की पलीकडे. म्हणजे आपल्या खान्देशाच्या एका अंगाला राम आणि दुसऱ्या अंगाला कुंभकर्ण, दोघंही मुक्त. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात राम शरयूत प्रवेश करून स्वधामाला जातात. तुम्ही अयोध्येला गेलात तर शरयूला नमस्कार कराल आणि मांगीतुंगीला तुंगीच्या शिखराला, आणि यातल्या कुठल्याही एका नमस्कारानं दुसरा खोटा ठरत नाही. तिथं जी ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती तुम्ही बघितली असेल ती मात्र अगदी अलीकडची, २०१६ मध्ये प्रतिष्ठा झालेली, ती आणि ही रामकथा यांची गल्लत करू नका.

इथं एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती म्हणजे तुमचे काका दिगंबर आहेत की श्वेतांबर. मी जे सांगितलं ते मुख्यतः दिगंबर ग्रंथांवरून. आपल्याकडची ओसवाल घरं बहुतेक श्वेतांबर, त्यांच्याकडे १२व्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांचं त्रिषष्टिशलाकापुरुषचरित मानतात, त्यात तपशील थोडे वेगळे. तेव्हा काकांना आदरानं विचारून घ्या, नाहीतर त्यांच्याच घरचं म्हणून दुसऱ्याचं सांगत बसाल.

आणि जैनांमध्ये तरी एकच रामकथा आहे का, तर तसंही नाही. आदिपुराणाचे जिनसेन ४२ पर्वं पूर्ण करून ४३व्याच्या सुरुवातीला देवाघरी गेले, पुढचा भाग आणि नंतरचं उत्तरपुराण त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी लिहिलं. त्या उत्तरपुराणातली रामकथा रविषेणांहून निराळी, तिथं सीता ही मंदोदरीची मुलगी आहे. दोन्ही ग्रंथ जैनांना मान्य. आपल्याकडेही गणपतीचा जन्मच बघा, शिवपुराणात पार्वतीच्या अंगाच्या मळापासून आणि शंकरानं डोकं उडवलेलं, ब्रह्मवैवर्तात शनीची दृष्टी पडून डोकं गेलेलं, वराहपुराणात तर शंकराच्या हास्यातून. जुने पुराणिक याला कल्पभेद म्हणायचे, एका कल्पात असं झालं, दुसऱ्या कल्पात तसं. म्हणजे फरक आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते पुसून एकच कथा उरवायची घाई त्यांनी केली नाही. आजकाल मात्र व्हॉट्सअॅपवर दोन ओळी आल्या की लगेच खरं-खोटं ठरवायचं असतं, त्याचं मला वाईट वाटतं.

आता ऋषभदेव. इथं घरातला वाद जास्त तापतो म्हणून जपून लिहिते. भागवताच्या पाचव्या स्कंधात ३ ते ६ अध्यायांत ऋषभदेवांचं चरित्र आहे, नाभिराजा आणि मेरुदेवीचे पुत्र, आणि पहिल्या स्कंधातल्या यादीत ते विष्णूचा आठवा अवतार. ते मुलांना उपदेश करतात की हा माणसाचा देह विष्ठा खाणाऱ्या प्राण्यांनाही मिळतात त्या सुखांसाठी नाही, तपासाठी आहे, मग सगळं सोडून अवधूत होऊन फिरतात आणि दक्षिणेत कुटकाचलाच्या रानात वणव्यात देह ठेवतात. पण त्याच सहाव्या अध्यायात हेही येतं की पुढं कलियुगात अर्हत् नावाचा राजा त्यांचं नुसतं वागणं बघून वेदाविरुद्ध मत चालवेल. म्हणजे भागवत ऋषभदेवांना डोक्यावर घेतं आणि जैनांना बाजूला ठेवतं, दोन्ही एका दमात. हे वाचताना डोळेझाक करू नये आणि तेवढ्याच ओळी उचलून काकांच्या तोंडावरही मारू नयेत.

दुसऱ्या बाजूला आदिपुराण उघडा. २५व्या पर्वात इंद्र ऋषभदेवांची १००८ नावांनी स्तुती करतो, सुरुवातच ‘श्रीमान् स्वयंभूर्वृषभः शंभवः शंभुरात्मभूः’. स्वयंभू, शंभू, आत्मभू ही आपण ब्रह्मदेवाची, शंकराची म्हणून ओळखतो ती नावं. म्हणजे भागवतानं जसं ऋषभांना विष्णूत घेतलं तसं आदिपुराणानं ब्रह्मा-शंभूला ऋषभांत घेतलं. दोघंही शेजारच्याला नीट ओळखून होते. आदिपुराण ९व्या शतकातलं, भागवताच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही पण बरेच जण ९व्या-१०व्या शतकाच्या आसपास धरतात. ऋषभांचं नाव मात्र त्याआधीपासून दोन्हीकडे आहे, जैनांच्या कल्पसूत्रात आणि आपल्या विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात. त्यामुळे अमक्यानं तमक्याचं उचललं असं म्हणण्यात मला काही अर्थ दिसत नाही. दोन परंपरांना एक मोठा पुरुष सामाईक होता आणि प्रत्येकीनं त्याचं चरित्र आपल्या मार्गानं पूर्ण केलं.

त्या चरित्रातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आदिपुराणात ऋषभदेव राजे आहेत, लोकांना असि (शस्त्र), मसि (लेखन), कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कामं शिकवलेली आहेत, सगळं छान चाललंय. इंद्राला वाटतं की आता यांनी संसार सोडायची वेळ झाली. तो नीलांजना नावाच्या अप्सरेला दरबारात नाचायला पाठवतो, जिचं आयुष्य काही क्षणांचंच उरलंय. ती नाचता नाचताच नाहीशी होते, आणि रंगाचा बेरंग नको म्हणून इंद्र त्याच क्षणी तशीच दुसरी तिच्या जागी उभी करतो, ताल तुटत नाही, दरबारात कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त ऋषभदेवांच्या लक्षात येतं. तिथून त्यांचं वैराग्य. आता हे भागवतातल्या भरताच्या शेजारी ठेवा. तोही ऋषभांचाच मुलगा, राज्य सोडून गंडकीकाठी आश्रमात राहतोय, एक गाभण हरणी पाणी पिताना सिंहाची डरकाळी ऐकून उडी मारते, पाडस पाण्यात पडतं, ती मरते, हा पाडसाला वाचवतो आणि त्याच्यात इतका गुंततो की मरताना तेच मनात, पुढचा जन्म हरणाचा. आदिपुराणातला भरत मात्र चक्रवर्ती आहे आणि त्याची गाठ पडते भाऊ बाहुबलीशी, ३४ ते ३६ पर्वांत, दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध, तिन्हीत बाहुबली जिंकतो आणि जिंकल्यावरच राज्य सोडून जातो. एकाच भरताच्या दोन वाटा, एका ठिकाणी तो माया लावून अडकतो, दुसऱ्या ठिकाणी जिंकायच्या हौसेत भाऊ गमावतो. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दोन्हींची चव लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं ग्रंथातच राहतं असं नाही. आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया घ्या. आपण घागर भरतो, वर डांगर (खरबूज) ठेवतो, पितरांच्या नावानं विस्तवावर घास म्हणजे आगारी टाकतो, माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात, श्राद्धाच्या प्रकरणात, वैशाख शुद्ध तृतीया ही युगादि, म्हणजे युग सुरू झाल्याची तिथी सांगितलीय आणि म्हटलंय की या दिवशी पितरांना नुसतं तीळ घातलेलं पाणी दिलं तरी हजार वर्षं श्राद्ध केल्यासारखं होतं. आणि त्याच दिवशी काकांच्या घरी वर्षीतपाचं, म्हणजे वर्षभराच्या उपवासव्रताचं पारणं असतं उसाच्या रसानं. कारण ऋषभदेव दीक्षेनंतर आहारासाठी फिरत होते पण मुनीला अन्न कसं द्यायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, लोक हत्ती, रत्नं, मुली घेऊन पुढं यायचे. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांस राजकुमाराला पूर्वजन्म आठवला, त्यात त्यानं मुनींना आहार दिला होता, आणि त्यानं उसाचा रस दिला. एका घरात गेलेल्यांना पाणी, शेजारच्या घरात तपस्व्याला रस, आणि गल्लीत दोन्ही ताटं इकडून तिकडे जातात. आमच्या वर्गातल्या एक ओसवाल आजी पारणं झालं की रसाचा तांब्या शेजारी पाठवतात आणि तिकडून सांजोऱ्या येतात, त्यांनी कधी विचारलं नाही की तिथी मूळ कुणाची.

आता ‘पुराणात लिहिलंय’ या वाक्याबद्दल, कारण तुमच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी तेच लिहिलंय. कुणी असं म्हटलं की मी शांतपणे विचारते, कोणतं पुराण, कोणता खंड किंवा स्कंध, कोणता अध्याय. निम्मे दावे इथंच थांबतात. त्यातही स्कंदपुराणाचं नाव आलं की जास्त सावध. परंपरेनं ८१,००० श्लोकांचं हे सगळ्यात मोठं पुराण, आणि देशभरातली तीर्थमाहात्म्यं स्वतःला स्कंदपुराणातलीच म्हणवतात, आपलं तापीमाहात्म्य पण. नेपाळमध्ये स्कंदपुराणाची इ.स. ८१० ची ताडपत्रावरची पोथी मिळाली, तिच्यात आज छापलेले हे प्रसिद्ध खंड नाहीतच, ग्रंथच वेगळा निघाला. भविष्यपुराणाच्या छापील प्रतीत तर अकबर आणि इंग्रजसुद्धा येतात, म्हणजे लोक त्यात किती उशिरापर्यंत भर घालत होते ते बघा. म्हणून तापीमाहात्म्य टाकाऊ होतं का, मुळीच नाही. तापी सूर्याची मुलगी ही गोष्ट तर जुनीच आहे, महाभारताच्या आदिपर्वात गंधर्व अर्जुनाला तापत्य म्हणून हाक मारतो, अर्जुन विचारतो मी तापत्य कसा, तेव्हा तो सूर्यकन्या तपती आणि संवरण राजाची कथा सांगतो, त्यांचाच मुलगा कुरू. प्रकाशाला किंवा चांगदेवला संगमावर उभं राहणाऱ्या माणसाला ती नदी कुरुवंशाची आई आहे हे माहीत असावं असं मला फार वाटतं. फक्त माहात्म्य हे त्या काठच्या लोकांनी आपल्या नदीसाठी लिहिलंय हे मनात ठेवून वाचायचं.

आणि जे पुराणात नाही ते कमी दर्जाचं असंही नाही. आपली खान्देशातली कानबाई देवी कुठल्या पुराणात शोधू नका, ती श्रावणात रोटांसोबत आणि अहिराणी गाण्यांत येते, तिची पोथी म्हणजे त्या गाणाऱ्या बायकाच.

वाचायचं कशासाठी यावरही बरंच अवलंबून आहे. पारायण, श्राद्ध, व्रत यासाठी हवं असेल तर घरच्या परंपरेनं आणि गुरुजींनी सांगितलेलंच वाचा, तिथं माझा सल्ला चालवू नका. इतिहास शोधायचा असेल तर पुराणातल्या वंशावळी शिलालेखांशी ताडून बघाव्या लागतात, ते वेगळंच काम आहे. तुम्हाला, मला वाटतं, समजून घ्यायचंय आणि काकांशी नीट बोलायचंय. तर मग क्रम असा ठेवा.

सुरुवात विष्णुपुराणापासून. सहा अंश आहेत, आज मिळणारं पुराण आटोपशीर आहे, पराशर मैत्रेयाला सांगतात, आणि पुराणाची जी पाच लक्षणं म्हणतात, सृष्टी, प्रलयानंतरची सृष्टी, वंश, मन्वंतरं आणि राजवंशांची चरित्रं, ती इतक्या शिस्तीत दुसरीकडे क्वचितच दिसतात. मग भागवताचा पाचवा स्कंध आणि नंतर दहावा. घरात एकनाथी भागवत असेल तर लक्षात ठेवा ती फक्त अकराव्या स्कंधावरची टीका आहे, नाथांनी शके १४९५ म्हणजे १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेली, ऋषभदेवांचं चरित्र त्यात शोधून मिळणार नाही. आणि आपल्या आजीआजोबांना पाठ असलेले राम-कृष्ण हे बरेचसे श्रीधरांच्या रामविजय-हरिविजयातले आहेत, ते वाल्मीकींशी प्रत्येक ठिकाणी जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

तुम्ही मागवलेल्या पद्मपुराणाचं आता सांगते. त्याच्या उत्तरखंडात भागवतमाहात्म्य आहे, सप्ताहाच्या पहिल्या दिवशी महाराज जे सांगतात ते, धुंधुकारी आणि गोकर्णाची कथा. त्यात भक्ती एका तरुणीच्या रूपात येते, तिची दोन मुलं ज्ञान आणि वैराग्य म्हातारी होऊन पडलीत, आणि ती नारदाला सांगते की मी द्रविडात जन्मले, कर्नाटकात वाढले, महाराष्ट्रात कुठं कुठं मान मिळाला आणि गुजरातेत जीर्ण झाले. आपण महाराष्ट्र आणि गुजरातेच्या मधोमध राहणारी माणसं, ते ‘कुठं कुठं’ वाचून जरा थांबावंसं वाटतं. तुमची प्रत संक्षिप्त हिंदी असेल तर श्लोक नसतील, पण कथा मिळेल.

जैन बाजूसाठी पंडित पन्नालाल जैन यांनी हिंदी अनुवाद केलेल्या भारतीय ज्ञानपीठाच्या प्रती बघा, पद्मपुराण, हरिवंशपुराण, आदिपुराण, उत्तरपुराण चारही आहेत, वर संस्कृत आणि खाली हिंदी, त्यामुळे संस्कृत येत नसलं तरी अडत नाही. मागवताना ‘रविषेणाचार्य पद्मपुराण’ असं लेखकाच्या नावासकट मागा. आधी श्रेणिकाच्या शंकेची सुरुवातीची पर्वं, मग कैकेयीचा भाग, मग शेवटची रामाच्या दीक्षेची पर्वं वाचा, मधली युद्धं नंतर वाचली तरी चालतील. आदिपुराणात नीलांजनेचं १७वं आणि श्रेयांसाच्या आहारदानाचं २०वं पर्व आधी घ्या. यातले काही ग्रंथ दोन-तीन खंडांचे आहेत, एकदम विकत घेऊ नका, जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारात हे बऱ्याचदा असतात आणि वाचायला देतात, काकांना सोबत घेऊन जा, आणि पहिली दोन पर्वं त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांच्यासोबत वाचा.